लादी उखडण्याआधी: मुंबईच्या घरातलं मोझॅक वाचवायचं कसं, नवं घालायचं कसं

मागच्या वर्षी दादरच्या हिंदू कॉलनीत एका काकूंकडे मोजमापं घ्यायला गेले होते. त्यांना हॉलमध्ये पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या होत्या. "अगं, ही लादी कितीही पुसली तरी मळकीच दिसते. लोकांच्या घरी कसं लख्ख असतं!" भिंतीपर्यंत टेप लावायचा म्हणून लोखंडी कपाट सरकवलं आणि खाली सहा लाद्या निघाल्या. फिकट पिस्ता रंगाचं सिमेंट, त्यात गर्द हिरव्या आणि काळ्या चिपा. कपाटाच्या पायांचे गंजाचे चार गोल सोडले तर इमारत बांधली त्या दिवशी होत्या तशाच. काकू वाकून बघत राहिल्या. "ही आमचीच लादी?"

त्यांचीच होती. उरलेल्या हॉलवर पन्नास-साठ वर्षांचं मेण, साबण आणि चपलांची घासण बसली होती, एवढंच. टाइल्सची ऑर्डर आम्ही रद्द केली.

अशी घरं दादर, माटुंगा, गिरगाव, पार्ले इथे अजून शेकड्यांनी असतील. हल्ली टेराझोची, म्हणजे आपल्या मोझॅकचीच, फॅशन परत आल्यामुळे लोक शोरूममध्ये जाऊन टेराझोच्या छापाच्या टाइल्स आणतात आणि घरातल्या खऱ्या टेराझोवर चिकटवतात. म्हणून नवीन काम सांगण्याआधी जुनं वाचवायचं काम सांगते. ते स्वस्त पडतं आणि बहुतेक वेळा दिसतंही जास्त चांगलं.

आधी नाव नीट लावून घ्या

आपण मुंबईकर ज्याला सरसकट मोझॅक म्हणतो ते पुस्तकात टेराझो. खऱ्या मोझॅकमध्ये तुकडे एकेक करून बसवतात. गच्चीवरचं फुटक्या कपबश्यांचं चायना मोझॅक त्या जातीचं. टेराझोत संगमरवराच्या चिपा सिमेंटमध्ये कालवून थर घालतात आणि तो घट्ट झाल्यावर घासून चिपांची पोटं उघडी करतात. हे तंत्र व्हेनिसकडचं. विसाव्या शतकात घासायला विजेची यंत्रं आणि थर विभागायला धातूच्या पट्ट्या आल्या, तेव्हा ते जगभर पसरलं.

आपल्याकडे त्याला स्वदेशीचाही हात लागला आहे. १९२२ मध्ये पिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली, ती परदेशी टाइल्सना देशी पर्याय म्हणून. पुढे तीस-चाळीसच्या दशकांत मरीन ड्राइव्ह, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा इथे आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या जिन्यांच्या पायऱ्या, प्रवेशद्वारातले पट्टे आणि वर्तुळं मोझॅकची. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या दक्षिण मुंबईतल्या ९४ इमारतींच्या समूहात अशी कितीतरी कामं आहेत. त्या बाजूला गेलात तर दर्शनी भागाचे फोटो काढून झाल्यावर जिन्यात एकदा खाली मान घालून बघा.

घरात जमिनीवर काय आहे, हे ओळखायला दहा मिनिटं पुरतात. आठ किंवा दहा इंची चौकोन, मध्ये बारीक सांधे आणि प्रत्येक चौकोनात चिपांची मांडणी वेगळी असेल, तर ती कारखान्यात दाबून केलेली मोझॅक लादी. सांधे नाहीत, पण तीन-चार फुटांवर काचेच्या किंवा पितळेच्या पट्ट्या आहेत, तर ते जागेवर ओतलेलं काम. चिपाच दिसत नाहीत, नुसती रंगीत वेलबुट्टी किंवा भौमितिक नक्षी दिसते, तर ती नक्षीची सिमेंट लादी. तिथे मशीन लावू नका. तिचा रंगाचा थर जेमतेम दोन-चार मिलिमीटरचा असतो आणि पॉलिशवाल्याच्या उत्साहात नक्षी घासाईच्या चिखलाबरोबर वाहून जाते. मोझॅक लादीचा चिपांचा थर साधारण पाच-सहा मिलिमीटर असतो. एका घासाईत त्यातला एक मिलिमीटरसुद्धा जाऊ नये. म्हणजे या लादीला अजून दोन-तीन आयुष्यं शिल्लक आहेत.

छापाची टाइल ओळखायची तर तुटक्या कडेकडे बघा. खऱ्या लादीत चिप आतपर्यंत गेलेली असते. छापात ती कडेला संपते, आणि चार टाइल सोडून तोच त्रिकोणी तुकडा पुन्हा भेटतो.

वाजवून बघा

माठ घेताना आपण वाजवून घेतो, तसंच इथे. स्क्रूड्रायव्हरची मूठ किंवा पाच रुपयांचं नाणं घ्या आणि खोलीच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करून प्रत्येक लादी टकटक करत जा. खणखणीत वाजली तर पुढची. बद्द वाजली तर खालचा मसाला सुटलेला आहे, तिच्यावर खडूने फुली मारा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्यावर सोपवू नका. फुल्या इकडे-तिकडे विखुरलेल्या असतील तर काळजी नाही. त्या एका रेषेत आल्या, विशेषतः तुळईच्या किंवा भिंतीच्या बाजूने, तर लादीचा प्रश्न नाही, स्लॅबचा आहे. मग आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा, पॉलिशवाला नंतर.

तळमजल्याच्या घरात ओलही तपासा. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद लादीवर चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि रात्रभर, किमान सोळा तास, तसाच ठेवा. सकाळी कागदाच्या आत दव दिसलं किंवा खालची लादी काळवंडली, तर जमिनीतून ओल वर येते आहे. अशा लादीवर वरून चकचकीत कोटिंग मारलं की आतलं पाणी क्षार घेऊन त्याला ढकलतं, लोणा फुलतो आणि कोटिंग पापुद्र्यांनी सुटतं. पावसाळ्यात ही तपासणी केलीत तर मुंबईतली निम्मी घरं नापास होतील, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतला निकाल खरा धरा.

आधीच कुणी वर टाइल्स बसवल्या असतील तर एका कोपऱ्यातली काढून बघा. टाइल धरावी म्हणून मोझॅकवर टाचे मारलेले असतात. ते वरवरचे असतील तर घासाईत जातात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरपेक्षा खोल असतील तर तेवढ्या लाद्या बदलाव्या लागतील. संपूर्ण खोलीच टाचलेली असेल, तर मी वाचवायचा आग्रह धरत नाही.

परवानगीचं थोडक्यात सांगते. सोसायटीला पत्र द्यावंच लागतं. पागडीचं घर असेल तर मालकालाही कळवा. इमारत हेरिटेज यादीत असेल तर श्रेणी तपासा, कारण पहिल्या श्रेणीच्या वास्तूत आतल्या भागालाही मनाप्रमाणे हात लावता येत नाही.

जोडलादी शोधणं

फुटलेल्या लादीसाठी बाजारात सारखी लादी शोधायला निघू नका. आधी घरातच शोधा: कपाटाखाली, ओट्याखाली, पलंगामागे, बाल्कनी बंद करून आत घेतली असेल तर त्या उंबऱ्यापाशी. काकूंच्या दारासमोरच्या चार लाद्या पार गेलेल्या होत्या. त्या जागी कपाटाखालच्या बसवल्या आणि कपाटाखाली साधा राखाडी कोबा केला. दोन्हीकडची झीज सारखी नसल्यामुळे घासण्याआधी त्या नव्याकोऱ्या दिसत होत्या. पॉलिशनंतर, गंजाचे पुसट गोल सोडले तर, मला स्वतःलाच सापडेनात. पुनर्विकासाला गेलेल्या शेजारच्या इमारतीचा पाडकामवालाही अशा लाद्या देतो, फक्त हातोडा पडायच्या आधी त्याच्याशी बोलून ठेवा.

लादी मिळालीच नाही, किंवा ओतीव कामातला तुकडा गेला असेल, तर मिश्रण करून भरावं लागतं. इथे सगळे घाई करतात. तुटलेला एक तुकडा धुऊन, पुसून सोबत न्या आणि चिपा नंबराने मागा: झिरो नंबर म्हणजे २ ते ४ मिलिमीटर, एक नंबर ४ ते ७, दोन नंबर ७ ते १०. जुन्या कामात बहुधा दोन नंबरांचं मिश्रण असतं. पांढरी चिप मकराण्याची, हिरवी केसरियाजीची, पिवळी जैसलमेरची असते, पण एकाच खाणीचा दगडही दर वर्षी थोडा वेगळा येतो, म्हणून नावावर जाऊ नका, डोळ्यांवर जा. सिमेंटचा रंग हीच खरी परीक्षा. ओलं सिमेंट गडद दिसतं आणि वाळल्यावर दोन छटा उजळतं. वीतभर चौरसाचे तीन नमुने करा, आठवडाभर ठेवा, घासा आणि मग जुन्या लादीशेजारी दिवसाच्या उजेडात धरा. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला रंग सकाळी हमखास नापसंत होतो.

घासाई

पॉलिशवाल्याशी बोलताना चौरस फुटाचा भाव ठरवण्याआधी घासायचे दगड किंवा डायमंड पॅड किती आणि कुठल्या नंबरपर्यंत लावणार, हे कागदावर लिहून घ्या. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. पहिला हात ६० नंबरच्या आसपासचा, मग १२०, मग ३२० किंवा ४००. चमक हवी असेल तर त्यापुढे ८०० आणि वर. एकही पायरी गाळू द्यायची नाही. एका कामावर मी जेवायला गेले तेवढ्यात कारागिराने ६० वरून थेट ४०० वर उडी मारली. दुपारी सगळं झकास दिसलं. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं आलं आणि हॉलभर मशीनच्या चकल्या उमटल्या. परत १२० पासून सुरुवात. तेव्हापासून प्रत्येक हातानंतर मी मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरून बघते.

घासाई पाण्यानेच करून घ्या. कोरडी घासली तर सिमेंटची आणि दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात जाते, आणि तुमच्या कपाटातल्या साड्यांतही. पाण्याने स्लरी होते, पिठल्यासारखी. ती व्हॅक्यूमने किंवा वायपरने ओढून बादलीत भरा, गोणीत बसू द्या आणि डेब्रिजबरोबर पाठवा. नहाणीत, म्हणजे सांडपाण्याच्या भोकात, सोडू नका. गिरगावात माझ्या सुरुवातीच्या एका कामावर पोरांनी दोन दिवस स्लरी न्हाणीघरात ढकलली. तिसऱ्या दिवशी नहाणी ट्रॅपमध्ये सिमेंटचा घट्ट गोळा बसला आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा पंचा सावरत वर आले. "बाई, तुमची लादी आमच्या मोरीत उगवलीय." पाइप तोडावा लागला. खर्च माझा. आता काम सुरू होण्याआधी मी स्वतः नहाणीवर प्लॅस्टिक आणि त्यावर ओलं फडकं कोंबते.

पहिल्या हातानंतर लादीत टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. त्याच रंगाच्या सिमेंटची पेस्ट जमिनीवर चोळून ती भरायची, काही दिवस ओलं ठेवायचं आणि मग दुसरा हात. दुसऱ्या हातानंतर गरज असेल तर पुन्हा एकदा. हे ग्राउटिंग भावात धरलेलं नसतं, म्हणून कारागीर ते टाळतो. आणि टाळलं की सहा महिन्यांत त्या भोकांत मळ बसून लादी पुन्हा "कितीही पुसली तरी मळकी" होते. भिंतीलगतची चार इंचं आणि कोपरे मोठ्या मशीनला पोचत नाहीत, ते हाताच्या ग्राइंडरने करावे लागतात. दारं आधी तपासून घ्या. कुठे लादी उंच बसवलेली असेल तर दाराची खालची कड घासते.

शेवटचं पॉलिश आपल्याकडे पारंपरिकपणे ऑक्झॅलिक अॅसिडच्या पुडीने करतात, चौरस मीटरला साधारण ३३ ग्रॅम, पाणी शिंपडून मशीनखाली फेल्ट लावून. ही पूड विषारी आहे. हातमोजे, तोंडाला मास्क आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर खोली बंद. काम झाल्यावर भरपूर पाण्याने धुऊन काढायची. हल्ली लिथियम सिलिकेटचं हार्डनर मारतात, त्याने सिमेंटचा पृष्ठभाग घट्ट होतो. मला ते आवडतं, कारण ते लादीच्या आत जातं, वर फिल्म करत नाही. काचेसारखी चमक हवी असा आग्रह बरेच जण धरतात. शंभर वर्षांच्या जिन्याला आरशासारखं पॉलिश मला तरी आजीबाईंना ग्लिटर लावल्यासारखं दिसतं. शिवाय पावसात भिजलेल्या चपला घेऊन त्याच पायऱ्यांवरून चढायचं असतं. जिन्यात आणि न्हाणीघरात ४०० वर थांबावं.

नवं मोझॅक घालायचं असेल तर

पहिला प्रश्न वजनाचा. जागेवर ओतलेलं मोझॅक खालच्या थरासकट सुमारे ४० मिलिमीटर जाड होतं. म्हणजे चौरस फुटाला नऊ किलोच्या आसपास आणि बारा बाय दहाच्या खोलीत जवळजवळ एक टन. जुन्या इमारतीत सागवानी तुळयांवरची जमीन असेल तर हा विचार सोडून द्या. आरसीसी स्लॅबवरही जुना कोबा आणि लादी काढूनच घाला, एकावर एक नको.

मोजमापं भारतीय मानकांत आहेत, आयएस २११४ बघा. चिपेच्या आकारावर वरच्या थराची जाडी ठरते: झिरो नंबरला किमान ६ मिलिमीटर, एक नंबरला ९, दोन नंबरला १२. थर पातळ आणि चिप मोठी असं केलंत तर घासताना चिपा दातासारख्या उखडतात. पट्ट्या लावून चौकट दोन चौरस मीटरच्या आतच ठेवा. सिमेंट आकसताना भेग पडणारच असते, पट्टीमुळे ती पट्टीपाशी पडते. पितळ महाग पण टिकाऊ. काच स्वस्त आणि जुन्या कामाशी जुळणारी. ओल्या सिमेंटशी अॅल्युमिनियमची रासायनिक क्रिया होते, म्हणून ते मी वापरत नाही.

मिश्रण असं: वजनाने तीन भाग सिमेंट आणि एक भाग संगमरवराची भुकटी. मग या कोरड्या मिश्रणाचे मापाने चार भाग आणि चिपांचे सात भाग. रंग हवा असेल तर आयर्न ऑक्साइडचा, हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइडचा. साधे रंग सिमेंटच्या क्षारात उडतात. संपूर्ण खोलीपुरतं सिमेंट आणि रंग एकदाच कोरडं कालवून गोण्यांत भरून ठेवा, नाहीतर सोमवारची खोली आणि मंगळवारची खोली वेगळी दिसेल. पाणी इतकंच की मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटांतून ओघळू नये.

खालचा काँक्रीटचा थर घातल्यावर साधारण १८ ते २४ तासांनी, तो घट्ट पण अजून हिरवा, म्हणजे पुरता न मुरलेला, असताना, त्यावर त्याच रंगाची सिमेंट स्लरी ब्रशने मारून वरचा थर घालायचा. थर थोडा उंच ठेवा, घासाईत तो जाणार आहे. रूळ फिरवून दाबा. कुठे नुसतं सिमेंटच दिसलं तर मूठभर चिपा पेरा आणि पुन्हा दाबा. सरतेशेवटी जमिनीचा तीन चतुर्थांश भाग चिपांचा दिसला तर काम जमलं. रात्रभर तसंच ठेवून दुसऱ्या दिवसापासून सात दिवस पाणी. "ताई, तीन दिवसांत मशीन लावतो" असं कुणी म्हणालं तर चहा पाजून परत पाठवा. सातव्या दिवसानंतर पहिली घासाई, मग ग्राउट, पुन्हा ओलं ठेवणं, दुसरी, पुन्हा ग्राउट, तिसरी. महिना धरा. पावसाळ्यात ओलं ठेवायचे कष्ट वाचतात, पण सीलर (डाग मुरू नयेत म्हणून शेवटी मारायचं द्रव) मारायला लादी कोरडी होत नाही. म्हणून माझी पसंती गणपतीनंतर थर, दिवाळीनंतर सीलर.

एवढा वेळ किंवा वजन झेपत नसेल तर कारखान्यात दाबलेल्या मोझॅक लाद्या अजूनही मिळतात, मनासारखी चिप आणि रंग सांगून करूनही मिळतात. बसवल्यावर त्यांनाही घासावं लागतं. इपॉक्सी टेराझो, म्हणजे सिमेंटऐवजी इपॉक्सी राळेत चिपा घालून केलेला, सहा ते दहा मिलिमीटरमध्ये होतो, लवकर होतो आणि रंग वाट्टेल ते. दुकानाला, ऑफिसला ठीक. पण ऊन येणाऱ्या खिडकीखाली तो पिवळा पडतो आणि खालून ओल असेल तर सुटतो. बाल्कनीत अजिबात नको.

पुढची निगा

संगमरवर आणि सिमेंट दोघंही आंबटाला घाबरतात. लिंबू, चिंच, कोकम सांडलं तर लगेच पुसा. न्हाणीघर साफ करायचं अॅसिड या लादीवर एकदा पडलं तर चमक गेली, ती पुसून परत येत नाही. रोजच्या पुसण्यात साधं पाणी, आठवड्यातून एकदा सौम्य साबण. हळद सांडली तर क्षारामुळे ती लाल होते. घाबरू नका आणि काही ओतू नका. पुसून घ्या, खिडकीपाशी ऊन लागत असेल तर डाग हळूहळू फिका होतो. पणतीच्या तेलाचा गोल मात्र आत मुरतो. मुलतानी माती आणि खाण्याचा सोडा घट्ट कालवून त्यावर लेप द्या, वर प्लॅस्टिक, एक दिवस ठेवा आणि खरवडून काढा. दोन-तीनदा करावं लागतं. लोखंडी कपाटाच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्या. काकूंच्या लाद्यांवरचे गंजाचे गोल घासाईनंतरही पुसट दिसतात.

आणि उरलेल्या चार लाद्या, मूठभर चिपा आणि किलोभर कालवलेलं कोरडं सिमेंट हवाबंद डब्यात घालून माळ्यावर ठेवा. डब्यावर चिपेचा नंबर, रंगाचं माप आणि तारीख लिहा. लाद्या उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की मधलीच तडकते.